तोफ किती पावलं सरली

सोनबर्डी, ता. रिसोड, जि. वाशीम
९ नोव्हेंबर २०२५

चि. वैजयंतीस,
तिकीट डकवून धाडलेले आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस का? तुझ्या इंजिनिअरिंग कॉलेजचं पत्र ज्याने सायकलवरून आणून दिलं आणि पेढा मिळेपर्यंत ओट्यावरून हलला नाही, तोच मी, इंद्रभानकाका. छत्तीस वर्षं पंचक्रोशीची पत्रं वाटली. परवा स्वतःचं पाकीट घ्यायला पोस्टात गेलो तर खिडकीतल्या पोरीने माझ्याकडे बघून कानाशी हात नेला. फोन नाही का, असं विचारत असावी. म्हटलं, आहे बाई, पण त्याला कान लागतात.

हे फक्त तुला सांगतो. डावा कान तोफेने केव्हाच खाल्ला होता. उजवा मागच्या आखाजीच्या बारासोबत गेला. गावात कोणाला कळू दिलेलं नाही. लोक बोलतात, मी मान डोलावतो, निम्म्या वेळा बरोबर जमतं. तुझ्या बापालाही माहीत नाही, आणि तूही सांगायचं नाही.

आता काम. ठाणेदार नवीन आले आहेत, त्यांना सगळं मुळापासून सांगावं लागलं. म्हटलं साहेब, आमच्या गावात दोन हात लांबीची, दोन चाकांची जुनी तोफ आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी मारुतीसमोर तिच्यात बंदुकीची दारू भरतात, वरून ओल्या मातीची ठासण मारतात आणि एकच बार काढतात. गोळा नसतो. बार झाला की तोफ मागे सरते. किती सरली ते टाचेला चवडा लावून पावलांनी मोजतात. सात पावलं म्हणजे पीक बेताचं, नऊ म्हणजे बरं, अकरा म्हणजे सोयाबीन ठेवायला घर पुरायचं नाही. ठासणारा मी, मोजणारा उकंडराव. अशा त्रेपन्न आखाज्या झाल्या.

सर्दीने कान बसलेत म्हणालो, तर साहेबांनी कागदावर लिहून विचारलं, "यंदा काय झालं?" मी म्हटलं, मोजणाऱ्याने उभं राहायचा खुंट एकवीस पावलांवर आहे. तिथपर्यंत तोफ कधी आलीच नव्हती. यंदा आली. उकंडरावाचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी अट घातली की तोफ जागची हलता कामा नये आणि तशी इंजिनिअरची सही हवी. नाहीतर बार बंद. मी दिवाळीत माळावर तिला कडुनिंबाला साखळीने बांधून छोटा बार काढून पाहिला (हे साहेबांना माहीत नाही). साखळी तुटली नाही, आख मोडला. तू पुण्यात मोठ्या तोफांचा धक्का कमी करायचंच काम करतेस ना? मग आमची म्हातारी तेवढी आवर.

तोफ उडाली नाही तरी मी मरणार नाही, वैजू. पण तुझा बाप तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही. बाराच्या जागी आम्ही दोघं पुन्हा एकदा उभे राहिलो तर बोलेल, एवढीच माझी आशा आहे.

तुझा,
इंद्रभानकाका

—

पुणे
२३ नोव्हेंबर २०२५

ती. इंद्रभानकाका,
वाकून नमस्कार.

तुमचं पाकीट आमच्या वॉचमनने दोन दिवस उलटसुलट करून पाहिलं. हाताने लिहिलेला पत्ता त्याने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

खरं सांगते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. माझ्या बाबांचा पाय गेला आणि तुम्हाला तोफेची पडली आहे, असं वाटलं. अकोल्याच्या दवाखान्यात तुम्ही तीन दिवस जिन्यात बसून होतात, वर वॉर्डात आला नाहीत, तेही आठवलं. मग शेवटच्या चार ओळी पुन्हा वाचल्या आणि वही काढली.

साखळीने आख का मोडला ते सांगते. तोंडातून माती आणि धूर जेवढ्या रेट्याने पुढे जातात, तेवढाच रेटा तोफेला मागे बसतो. तो नाहीसा करता येत नाही. तो किती अंतरात जिरवायचा एवढंच आपल्या हातात असतं. तोफ मोकळी असली की सात-आठ पावलं सरता सरता तो जिरतो. तुम्ही तिला बोटभरात थांबवलीत, तर जोर तीन टनांच्या घरात गेला. गवंड्याकडे वीट फेकली की तो हात मागे घेत झेलतो, ताठ ठेवला तर बोटं फुटतील. माझी सगळी नोकरी म्हणजे तो हात मागे घेणं आहे, काका.

इतरही उपाय असतात. नळीच्या तोंडाशी भोकं पाडून धूर बाजूला आणि मागे वळवला की धक्का बराच उतरतो, पण आवाज सगळा आजूबाजूच्या माणसांवर येतो. तुमच्या कानांकडे बघता तो विषय सोडा. काही तोफा मागूनही तेवढाच माल बाहेर फेकतात, त्यांना धक्का जवळजवळ नसतोच. पण आपल्या तोफेच्या मागे मारुतीचं देऊळ आहे.

मला तोफेचं वजन, चाकाची उंची, दारूचं माप, ठासणीचं वजन आणि जमीन कशी आहे ते कळवा. अंदाज नको, खरं लिहा.

बाबा फोनवर "बरा आहे" म्हणतात. तुमचं नाव काढलं की आईच्या हाती फोन देतात. काय झालंय तुमच्यात, मला कळत नाही.

लिहिता लिहिता एक आठवलं. मी सहा-सात वर्षांची असेन. बाबा पावलं मोजत निघाले की मी त्यांच्या मागून माझी पावलं मोजायचे. त्यांची नऊ, माझी पंधरा. ते ओरडायचे, "वैजे, मोजणीत पाय घालू नको!" आणि तुम्ही काळ्या हातांनी हसत उभे असायचात. जळक्या दारूच्या त्या वासाने मला अजूनही आमरसाची भूक लागते. कारखान्यात चाचणी असली की रोज लागते.

तुमची,
वैजयंती

—

सोनबर्डी
७ डिसेंबर २०२५

चि. वैजूस,
थंडीसोबत आशीर्वाद.

तोफ ट्रॉलीत घालून रिसोडच्या मार्केटला नेली. पुढे सोयाबीनच्या ट्रॉल्या, मागेही सोयाबीनच्या ट्रॉल्या, मधे आमची तोफ. काट्यावरच्या माणसाने आधी ओलावा विचारला. दोन क्विंटल ऐंशी किलो भरली. त्यातली निम्मी नळी, निम्मा गाडा. चाक दोन फुटांचं. ठासण किलोभर. दारू नेहमीप्रमाणे पितळी मापाने एक माप, वर-खाली नाही.

जमिनीचं विचारलंस, तर त्यातच सगळी ग्यानबाची मेख आहे. मागच्या मार्चमध्ये विकासनिधीतून मारुतीच्या पटांगणात पेव्हर ब्लॉक बसवले. आम्ही नारळसुद्धा फोडला. पूर्वी पांढरीच्या मातीत चाकं रुतायची, आता ती गुळगुळीत जागा. तोफ घसरत सुटली त्यात नवल काय? शिरपूरच्या नेमीचंद दुकानदारांचा नातू सन्मती त्या दिवशी मोबाइलवर चित्र घेत होता. त्याला सांगितलंय, तो तुला धाडेल. पाहवलं तर पाहा.

तुझ्या आठवणीने मलाही त्र्याहत्तर साल आठवलं. त्याआधीचा दुष्काळ मोठा होता, गावात गुरं उरली नव्हती. जुने ठासणारे गेले म्हणून माप माझ्या हाती आलं, मी तेवीस वर्षांचा. उकंडराव बावीसचा. त्या सकाळी माणसं अशी उभी होती की कोणाला कोणाकडे बघवत नव्हतं. उकंडराव माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "इंद्रभान, आज पाच-सा पावलं आली त लोकं पेरतीनच नाई." मी माप भरल्यावर वर एक मूठ टाकली. तोफ अकरा पावलं सरली. लोकांनी टोप्या उडवल्या, उसनं बियाणं आणून पेरलं, आणि देवाने लाज राखली. आमच्या दोघांशिवाय हे कोणाला माहीत नाही, आता तुला. तेव्हापासून त्याने जे सांगावं ते मी करावं आणि मी जे करावं ते त्याने झाकावं, अशी आमची दोस्ती.

दिवाळीआधी दोनदा त्याच्या दारात गेलो. तुझी आई वावरात होती. तो आत होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या दिसत होत्या. "उकंडा" म्हणून हाक मारली. त्या घरात मी कधी हाक मारून शिरलो नाही, पण आता न बोलावता जायची हिंमत नव्हती. थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. दोन्ही वेळा तसंच. तीन घरांचं अंतर आहे, पण आता लांब वाटतं.

तुझा,
इंद्रभानकाका

—

पुणे
२८ डिसेंबर २०२५

ती. इंद्रभानकाका,

आज नमस्कार शेवटी लिहीन.

चित्रफीत पाहिली. पहिल्या दिवशी बंद केली. दुसऱ्या दिवशी एकेक क्षण थांबवून पाहिली, कारण माझं ते कामच आहे. फरशी गुळगुळीत असली की सुटलेली तोफ जास्त लांब जाते, हे खरं. पण ती सुटते किती वेगाने, हे फरशीवर नसतं. ते दारूवर असतं.

एका मापाने आणि किलोभर ठासणीने चाकाला पहिला फेरा घ्यायला सव्वा सेकंद लागायला हवा. चित्रफितीत पाऊण सेकंदाच्या थोडा वर लागला आहे. मी तीनदा मोजलं, मग ऑफिसमधल्या सहकाऱ्याला काही न सांगता मोजायला लावलं. त्या तोफेत दीड माप दारू होती, काका. दीडपट रेटा म्हणजे दुपटीहून जास्त अंतर. मातीत ती सोळा पावलांवर थांबली असती आणि बाबा दोन पायांवर चालत तिच्यापर्यंत गेले असते. फरशीवर एका मापाने पंधरावर थांबली असती. दोन्ही एकत्र आलं म्हणून पाय गेला.

मी खरं लिहा म्हटलं होतं. तुम्ही "वर-खाली नाही" असं लिहिलंत. माझ्या बापाला त्रेपन्न वर्षं पाठीशी उभं केलंत आणि त्यालाच अंधारात ठेवलंत. मला दारूची चूक समजू शकते. हे खोटं समजत नाही.

नमस्कार.
वैजयंती

—

सोनबर्डी
१ फेब्रुवारी २०२६

चि. वैजयंतीस,

महिनाभर पेन उचललं नाही. एकदा पाकिटावर तुझा पत्ता लिहिला आणि ते रिकामंच ठेवून दिलं.

दीड मापच होती. चाकाच्या फेऱ्यावरून तू ती पकडलीस, याचा मला राग नाही आला, उलट बरं वाटलं. कोणीतरी पकडायलाच हवं होतं. पण उकंडरावाला अंधारात ठेवलं हे तेवढं खरं नाही. बाकी सांगायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली होती, अकोल्याला नेताना, जीपमध्ये. आज ती मोडतो. पाप लागलं तर लागू दे.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर आला. नवीन धोतर आणलं होतं, ते दाखवायला. म्हणाला, "इंद्रभान, उद्या पोरगी येऊन राह्यली. सात वर्सानं आखाजीले येते."

मी म्हटलं, "हो, साऱ्या गावाले सांगतलं तू."

"मांगं ते म्हनली होती का बाबा, हे सारं येडपट हाय, पिकाचा अन् पावलाचा काई संबंध नाई. मले काई बोलता नाई आलं. यंदा तिच्यासमोर तोफ अकराच्या खाली येऊ देऊ नको."

"माप ठरेल हाय, उकंडा."

"त्र्याहत्तरले नोतं ठरेल?" तो हसला. "एवढी बार. पोरगी पाहून राह्यली पाह्यजे का तिचा बाप कोन्त्या कामाचा मानूस हाय."

म्हणून सकाळी अर्धं माप जास्त टाकलं. फरशीचं ना त्याच्या डोक्यात आलं, ना माझ्या. ठासण मारून झाल्यावर गोजरावहिनी, तुझी आई, धावत आली की वैजूचा फोन आला, तिला सुट्टी नाही, ती येत नाही. उकंडरावाचं तोंड उतरलं. मला म्हणाला, "काढून टाक थोडी." पण ठासलेली तोफ रिकामी करता येत नाही, ती उडवावीच लागते. तो जाऊन आपल्या खुंटाशी उभा राहिला. तेही नवीन धोतर नेसून.

जीपमध्ये शुद्धीवर आला तेव्हा त्याने माझा हात धरला. त्याचे ओठ हलत होते, मला ऐकू येत नव्हतं. बाराने माझे कान बसले असं समजून राजपाल ड्रायव्हरने माझ्या तळहातावर बोटाने लिहून दाखवलं: वैजूले सांगू नको, तिले वाटन माह्यापाई झालं.

आता तुला वाटेलच. पण खोटारडा म्हणून तुझ्या नजरेतून उतरणं मला सोसलं नाही. यात माझा स्वार्थ आहे, हे मला कळतं.

तुझा,
इंद्रभान

—

पुणे
२२ फेब्रुवारी २०२६

ती. इंद्रभानकाका,
आधी नमस्कार, आणि पाया पडून माफी.

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. मग आईला फोन केला, सोयाबीनचा भाव काय चाललाय विचारलं आणि ठेवला.

तुम्ही तुमचं खरं लिहिलंत, आता माझं ऐका. मागच्या आखाजीला चाचणी आहे म्हणून सुट्टी नाही, असं मी सांगितलं होतं. चाचणी दुसऱ्या दिवशी होती. माझं पुण्याहून रिसोडचं तिकीट काढलेलं होतं. मी स्टँडवर जाऊन परत आले. बाबांना येडपट म्हटलं होतं, त्यानंतर त्यांच्यासमोर उभं राहून ती पावलं मोजताना कोणतं तोंड करायचं, ते मला सुचत नव्हतं. टाळ्या वाजवल्या असत्या तर खोट्या वाटल्या असत्या, नसत्या वाजवल्या तर पुन्हा भांडण. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी गेले नाही, काका. मोठ्या तोफा आवरणारी बाई बापासमोर जायला घाबरली. येडपट मी होते.

आता तोफेचं. सोबत चित्र जोडलं आहे. गाडा हलणार नाही, त्याच्या चाकांमागे लोखंडी पाती जमिनीत रोवायची. नळी मात्र गाड्यावर घट्ट बसवायची नाही. तिच्याखाली ग्रीस लावलेल्या दोन पट्ट्या द्यायच्या, त्यावर ती मागे सरकेल. मागे दोन शॉकअप लावायचे, जुन्या काळीपिवळी जीपचे चालतील. शॉकअपमध्ये दट्ट्या तेलातून जातो, तेलाला बारीक भोकातून निघायला वेळ लागतो, त्या वेळात धक्का जिरतो. मग स्प्रिंग नळीला पुन्हा जागेवर आणेल. नळी वीतभर सरकेल, आणि गाड्यावर सव्वातीनशे किलोहून जास्त जोर येणार नाही. एवढा तो सहज सोसेल.

रिसोडच्या हरीओमकडे वेल्डिंग करून घ्या. पेव्हर ब्लॉक तेवढे तिथून काढून टाका. आणि माप एकच. मी चाकाचे फेरे मोजू शकणार नाही आता, पण तरीही.

तुमची,
वैजू

—

सोनबर्डी
२९ मार्च २०२६

चि. वैजूस,
ग्रीसच्या हाताने आशीर्वाद, डाग पडले तर समजून घे.

काल माळावर ठाणेदारांसमोर चाचणी झाली. तू मोबाइलवरून पाहत होतीस, हरीओमने फोन उंच धरला होता. पण मोबाइलमध्ये जे दिसलं नसेल ते लिहितो.

हरीओमने शॉकअपसाठी भंगारातली जीप शोधून काढली. राजपालची जुनी जीप. शिरपूर–रिसोड मार्गावरची, जिच्या टपावर माझी टपालाची पिशवी वीस वर्षं गेली. राजपालने ती दोन वर्षांपूर्वी मोडीत काढली होती. शॉकअप सोडवताना हरीओम शिव्या देत होता आणि मी तिच्या दाराला हात लावून उभा होतो. म्हातारपणी माणूस कशाकशासाठी हळवा होतो बघ.

एक माप भरलं, ठासलं, बत्ती दिली. मला आवाज नाही आला, पण पायाखालची माती हलली. धूर विरला तेव्हा गाडा जागच्या जागी. पाती रोवलेली तशीच. ठाणेदारांनी चाकाभोवती खडूने रेघ काढली होती, ती पुसलीसुद्धा नव्हती. त्यांनी माझ्याशी हात मिळवला. तू अठरा तारखेला येऊन तोफ डोळ्यांनी पाहून सही केलीस की परवानगी नक्की.

आणि लोक? एकाचीही टोपी उडाली नाही. बाराने कान बसलेत म्हटल्यावर सरपंच वर्षाराणीने माझ्या वहीत लिहिलं, "काका, सरकलीच नाही त मोजाचं काय? पीक कसं समजन?"  म्हातारीकोतारी तर रागावून निघून गेली. नळी मागे जाऊन पुन्हा पुढे आली, ग्रीसमध्ये तेवढा ओरखडा उमटला, पण तो बघायला वाकतो कोण? तू धक्का जिरवलास, वैजू, त्याबरोबर आखाजीही जिरली की काय, असं मला वाटून गेलं. चूक तुझी नाही. हलू नये अशी मीच तर मागणी केली होती.

उकंडराव आला नव्हता. मला वाटलं होतं, निदान दारात तरी उभा राहील. येताना त्याच्या घरावरून आलो, दार लोटलेलं होतं. हाक नाही मारली या वेळी. तिसऱ्यांदा गप्प बसलेला मला सोसवला नसता.

तो नसेल तर मी ठासणार नाही, हे नक्की केलंय. परवानगी घेऊन कोणीही पोरगं ठासू दे.

तुझा,
इंद्रभानकाका

—

पुणे
५ एप्रिल २०२६

ती. इंद्रभानकाका,
चोराचा नमस्कार.

मी तुमचं गुपित फोडलं. काल बाबांना फोन करून सगळं सांगितलं. दीड मापाचं, तुमच्या पत्रांचं, माझ्या परत फिरलेल्या तिकिटाचं.  मग मी तुमच्या कानांचंही सांगितलं, दोन्हींचं. त्यावर त्यांनी एकच विचारलं, "कवापासून?" मी म्हटलं, त्याच दिवसापासून. त्यांनी फोन आईकडे दिला. आई म्हणाली, ते भिंतीकडे तोंड करून बसलेत.

रागावायचं तर माझ्यावर रागवा. अठराला सकाळच्या बसने येते. या वेळी स्टँडवरून परत फिरणार नाही.

वैजू

—

सोनबर्डी
११ एप्रिल २०२६

इंद्रभानले उकंडरावचा रामराम.

चवथी शिकेल मानूस हाय, अक्षराले हासू नको. पोराच्या हाती निरोप धाडला असता त साऱ्या गावाले समजलं असतं, अन् फोन तुले कामाचा नाई. म्हून कागद लिवून राह्यलो. तीन घरं पलीकडं जावासाठी हा कागद रिसोडले जाऊन येईन. तूच म्हनत होता ना का पोस्टाचा रस्ता सरळ नसते.

दिवाळीच्या आंधी तू दोनदा दारात आला. दोनी खेपी म्या आतून म्हनलं, "ये, इंद्रभान." मोठ्यानं म्हनलं. तू उभा राह्यला अन् निंगून गेला. माह्यानं उठवत नोतं, त्या वक्ती जखम वली होती. मले वाटलं, हा लोकायले दाखवाले आला, याले आत याचं नाई. अर्धं माप म्या टाकाले लावलं अन् पोलीसाचे जबाब तुले द्या लागले, म्हून तू मायावर खपा हाय, असं धरून बसलो. वरीसभर. मांगच्या हप्त्यात वैजूनं कानाचं सांगतलं. इंद्रभान, मी तुले वरीसभर शिव्या देल्ल्या रे. तुले आयकूच येत नोतं अन् मले मालूम नाई.

तू ठासनार नाई म्हनते, असं वैजू म्हने. हे काई चालनार नाई. अन् मोजाचं काय म्हून लोकं तोंड पाडून बसले, त तेही आयक. गोजरा चाचनीले आली होती. ते म्हने, नळी सरकते तवा ग्रीसवर दाग पडते, अकरा बोटाचा होता, तिनं सोता पाह्यला. मंग काय पाह्यजे? पावलं नाई त बोटं मोजू. पावलं मोजाले दोन पाय लागते, ते माह्याजवळ नाई. बोटं दाही शाबूत हाय. मले तोफेपाशी एक खुर्ची टाकून दे. वैजू येईन त तिले मीच दाखवन कसं मोजाचं, तिले तेवढं नसन शिकवलं कालिजात.

माप एकच टाकजो. सात आले त सात सांगन. आता आपल्याले कोनाले दाखवाचं नाई.

कुबड्यावर मी त्या दिसी नाई येनार. तुह्या खांद्यावर हात ठिवून येतो. आखाजीच्या सकाळी सातले ये, मी दाढी करून बसन. दार लोटेलच रायते. हाक देऊ नको, सरळ आत ये.

उकंडराव